सी. एलेगन्सला लोह किती लागतं? प्रश्न एक, हिशेब दोन

सी. एलेगन्स या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या छोट्या गोलकृमीबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सी. एलेगन्सवर लोहाच्या कमतरतेचा प्रयोग करायचा आहे. एनजीएम या कृमी वाढवायच्या नेहमीच्या आगार माध्यमाच्या कृतीत लोह कुठेच घातलेलं नाही, तरी कृमी मजेत वाढतात. आम्ही फेरिक क्लोराइड घालून पाहिलं, काही फरक पडला नाही. लोह धरून ठेवणारं बायपिरिडिल घातल्यावर वाढ खुंटली, पण प्लेटवरचा बॅक्टेरियाचा थर, म्हणजे लॉनही विरळ झाली. या कृमीची लोहाची रोजची गरज किती? ते शोषलं कसं जातं? आणि माणसाच्या ॲनिमियासाठी हे मॉडेल चालेल का?"

रोजच्या गरजेपासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. एक मिलिमीटर लांबीचा, दोन-तीन आठवडे जगणारा आणि अंड्यातून बाहेर पडल्यापासून सतत बॅक्टेरिया गिळत राहणारा हा प्राणी. त्याला 'रोज इतके मायक्रोग्रॅम' ही माणसांसाठीची मोजपट्टी लावून हाती काही लागत नाही. इथे मोजायची ती माध्यमातली किंवा अन्नातली तीव्रता. पण तीव्रता कशाची, हा खरा प्रश्न. या कृमीच्या बाबतीत लोह हे एक पोषकद्रव्य नाही, दोन आहेत: साधं अजैव लोह आणि हीम, म्हणजे मध्यभागी लोह धरलेला रेणू. आपल्या शरीरात पहिल्यापासून दुसरं तयार होतं, त्यामुळे आपण दोघांचा एकच हिशेब ठेवतो. सी. एलेगन्सला ती सोय नाही. तुमचा फेरिक क्लोराइडचा प्रयोग आणि बायपिरिडिलचा प्रयोग, दोन्ही बऱ्याच अंशी इथेच अडकलेत.

आधी एनजीएमचं कोडं सोडवू. एका लिटरमध्ये ३ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम पेप्टोन, १७ ग्रॅम आगार, ५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, एकेक मिलिमोलर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि पीएच ६ चा २५ मिलिमोलर फॉस्फेट बफर. लोहाचं नाव नाही, हे खरं. पण पेप्टोन हे प्रथिनांचं पाचन करून बनवलेलं आणि आगार हे समुद्री शेवाळातून काढलेलं. दोन्हींत धातूंचे अंश येतातच, आणि ते बॅचगणिक बदलतात. शिवाय प्लेटवर कृमींचं अन्न म्हणून दिलेला ई. कोलाय ओपी५० हा बॅक्टेरिया आहे. लोह गोळा करण्यात बॅक्टेरियाचा हात कुणी धरणार नाही. माध्यमातलं अगदी विरळ लोहही ते खेचून पेशीत साठवतात आणि स्वतःचं हीमही बनवतात. कृमी तो बॅक्टेरिया गिळतो, घशाच्या मागच्या फुग्यातल्या जात्यात भरडतो, आणि वीस पेशींच्या आतड्यात त्यातलं सगळं उचलतो. म्हणजे कृमीचं अन्न प्लेट नव्हे, बॅक्टेरिया. प्लेटमध्ये तुम्ही काय घातलं याला अर्थ येतो तो बॅक्टेरियाने त्याचं काय केलं यावरून. ही तिघांची पंगत आहे हे विसरलं, की निकाल वाचता येत नाहीत.

आता हीम. यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण या विषयातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच आहे.

बॅक्टेरियाशिवाय, निव्वळ रासायनिक माध्यमात कृमी वाढवायचे प्रयत्न जुने आहेत. त्या माध्यमांत यकृताचा अर्क किंवा तसलंच काही घातल्याशिवाय पुनरुत्पादन होत नसे. अर्कातला तो अज्ञात घटक हीम आहे हे १९७० मध्ये हीब, स्टोकस्टॅड आणि रॉथस्टाइन यांनी दाखवलं, तेही सी. एलेगन्सवर नव्हे, तर त्याच्या जवळच्या नात्यातल्या सी. ब्रिग्सीवर. पुढे बरीच वर्षं या निष्कर्षाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९९८ मध्ये सी. एलेगन्सचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि २००५ मध्ये इक्बाल हमजा यांच्या गटाने चित्र स्पष्ट केलं: हीम बनवण्याच्या आठ टप्प्यांची साखळी, जी बॅक्टेरियापासून माणसापर्यंत जवळपास सगळीकडे असते, ती या कृमीत चालतच नाही. आणि हीमवर चालणारी प्रथिनं मात्र भरपूर: मायटोकॉन्ड्रियातले सायटोक्रोम, सायटोक्रोम पी४५० चं मोठं कुटुंब, कॅटलेज, तीसहून अधिक ग्लोबिन, ऑक्सिजन ओळखणारे ग्वानिलेट सायक्लेज. चूल घरात, सरपण मात्र रोज बाहेरून.

त्याच कामातले आकडे तुमच्या उपयोगाचे आहेत. बॅक्टेरियाविरहित द्रवमाध्यमात हेमिनची (प्रयोगात हीम देतात ते याच रूपात) तीव्रता साधारण २० मायक्रोमोलर असली की वाढ उत्तम होते. १.५ मायक्रोमोलरच्या खाली गेलं की कृमी एल४ या प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेपाशी अडखळतात, आणि ८०० मायक्रोमोलरच्या पुढे हीमच विष ठरतं. या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे, त्यामुळे 'गरज' म्हणजे एक बिंदू नसून एक पट्टा आहे. २० हा आकडा जसाच्या तसा प्लेटवर नेऊ नका. पाण्यात हेमिनचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात, आणि द्रव पिणारा कृमी व बॅक्टेरिया भरडणारा कृमी यांना पोचणारं हीम सारखं नसतं.

याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी वाचताना हमखास निसटते. लोह काढून घेतलेल्या माध्यमात हीम पुरेसं दिलं तरी कृमी वाढले नाहीत. हीमचं प्रमाण आणखी वाढवल्यावर मात्र वाढू लागले. म्हणजे नुसत्या 'पुरेशा' हीमवर भागत नाही, अजैव लोह वेगळं लागतंच, कारण लोह-गंधक गुच्छांची प्रथिनं, डीएनएचे घटक बनवणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज, लोहावर चालणारे हायड्रॉक्सिलेज यांना हीम नको, लोह हवं. पण हीम जास्तीचं असेल तर कृमी ते फोडून त्यातलं लोह वापरू शकतो. उलट दिशेला मात्र दार बंद आहे. लोह कितीही ओता, त्यातून हीम होणार नाही. तुमच्या प्लेटवर कृमींना हीम कमी पडत असेल तर फेरिक क्लोराइडची बाटली रिकामी केलीत तरी तो तुटवडा भरून निघायचा नाही.

हीम आत जातं कसं? ते पाण्यात नीट विरघळत नाही, मोकळं सोडलं तर पेशीच्या पडद्यांची नासधूस करतं, तेव्हा त्याची ने-आण हातोहात व्हावी लागते. आतड्याच्या पोकळीकडच्या पडद्यावर एचआरजी-४ नावाचा वाहक ते आत घेतो. पेशीतल्या आम्लधर्मी पुटिकांमध्ये असलेलं हीम एचआरजी-१ बाहेर काढून वापरात आणतो. हे दोन्ही २००८ मध्ये सापडले. आतड्यातून बाकीच्या शरीराकडे हीम बाहेर टाकण्याचं काम एमआरपी-५ करतो. त्याचं जनुक दाबलं तर भ्रूण मरतात, आणि खाण्यात जादा हीम दिलं तर वाचतात. शिवाय एचआरजी-३ हे चिमुकलं प्रथिन आतड्यातून स्रवतं आणि आईच्या शरीरातून हीम भ्रूणापर्यंत नेतं. हीम कमी पडलं की एचआरजी-१ आणि एचआरजी-४ यांची जनुकं जोरात चालू होतात, मुबलक झालं की शांत होतात. ४, २० आणि ५०० मायक्रोमोलर हीमवर वाढवलेल्या कृमींची तुलना केली तेव्हा हीमला प्रतिसाद देणारी २८८ जनुकं मिळाली होती. तुमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट म्हणजे एचआरजी-१ च्या नियंत्रक भागाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला कृमी. ४ मायक्रोमोलर हीमवर आतडं झळकतं, २० वर विझतं. कृमीला हीम पुरतंय की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत कळतं. असा कृमी हाताशी नसताना हा प्रयोग करणं म्हणजे मीटर बंद असलेल्या गाडीचा वेग अंदाजाने सांगणं.

आईकडून येणाऱ्या शिदोरीमुळे प्रयोगाचं वेळापत्रकही बदलतं. भरल्या घरातल्या आईच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू हीम नसलेल्या अन्नावर ठेवलंत तरी काही काळ आईच्या पुंजीवर निभावून नेतं. म्हणून तुलना करण्याआधी निदान एक पिढी कमी हीमवर काढावी आणि पुढच्या पिढीवर मोजमाप करावं. मी सुरुवातीला हे न करता तीन महिने 'काहीच परिणाम नाही' असं वहीत लिहीत होतो. परिणाम होता, फक्त तो नातवंडांत होता.

आता अजैव लोहाकडे. इथली यंत्रणा आपल्या यंत्रणेशी बरीच मिळतीजुळती आहे, म्हणून झपाट्याने जातो. लोहाची दोन रूपं असतात, फेरस आणि जास्त ऑक्सिडीकरण झालेलं फेरिक. आपल्या आतड्यात फेरस लोह आत घेणारा डीएमटी१ हा वाहक असतो. त्याची तीन भावंडं कृमीत आहेत, एसएमएफ-१, २ आणि ३. लोहासाठी त्यातला मुख्य एसएमएफ-३. तो बिघडलेल्या कृमींच्या शरीरात लोह कमी भरतं. हे वाहक प्रोटॉनच्या जोरावर चालतात, आणि कृमीचं आतडं आम्लधर्मी आहे: घशाजवळ पीएच ६ च्या आसपास, शेपटीकडे ३.६ पर्यंत खाली. म्हणजे रसायनशास्त्र अनुकूल. मात्र एसएमएफ-३ मँगनीजही तितक्याच आवडीने घेतो. तेव्हा तो बिघडवलेल्या कृमीत काही दिसलं की लगेच लोहाच्या खात्यावर मांडू नका. साठवणीसाठी एफटीएन-१ आणि एफटीएन-२ ही दोन फेरिटिन. पहिलं मुख्यतः आतड्यात, लोह वाढलं की झपाट्याने वाढणारं. दुसरं सगळीकडे असणारं, शरीरातल्या लोहाचा मोठा साठा सांभाळणारं. बाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिनचेही तीन भाऊबंद आहेत.

नियंत्रणात मात्र मोठा फरक आहे, आणि तो समजला तर प्रयोगातली एक जुनी फसगत टळते. आपल्याकडे लोह कमी-जास्त झालं की विशिष्ट प्रथिनं फेरिटिनच्या आरएनएला चिकटून किंवा सुटून त्याचं उत्पादन बदलतात. कृमीच्या फेरिटिनच्या आरएनएवर ती चिकटण्याची जागाच नाही. इथे निर्णय जनुक वाचण्याच्या पातळीवर होतो आणि किल्ली हिफ-१ कडे असते, तोच हिफ जो ऑक्सिजन कमी पडल्यावर जागा होतो. ईजीएल-९ हे विकर एरवी हिफ-१ ला खुणेचा ठप्पा मारून कचऱ्यात पाठवतं. त्या विकराला चालायला ऑक्सिजन लागतो आणि लोहही लागतं. लोह घटलं की ठप्पा बसत नाही, हिफ-१ साचतो, एसएमएफ-३ चं जनुक चालू करतो आणि एफटीएन-१ चं बंद करतो. आत घेण्याचं दार उघडं, कोठाराला कुलूप. २०११ आणि २०१२ च्या दोन स्वतंत्र कामांनी हे पक्कं केलं. दुसऱ्यात इन्सुलिनच्या संदेशवहनाचाही हात दिसला.

फसगत ती अशी: हिफ-१ ला लोह गेलंय की ऑक्सिजन, हे कळत नाही. दाटीवाटीने भरलेली द्रवसंवर्धनं, नीट न हललेले फ्लास्क, पॅराफिल्मने घट्ट बांधलेल्या आणि कृमींनी खच्चून भरलेल्या प्लेटा, यांत ऑक्सिजन घटतो आणि एफटीएन-१ मंदावून एसएमएफ-३ वाढलेला दिसतो. ही 'लोहाची कमतरता' लोह घालून भरून निघत नाही आणि मग माणूस चक्रावतो. पातळ संवर्धन, भरपूर हवा, नाहीतर हे मापच घेऊ नका.

बॅक्टेरियाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. ई. कोलाय एन्टरोबॅक्टिन नावाचा रेणू बनवतो. लोहाला इतका घट्ट धरणारे रेणू निसर्गात मोजकेच. वर्षानुवर्षं समज असा, की हे बॅक्टेरियाचं लोह पळवण्याचं हत्यार आहे आणि त्यात यजमानाचं नुकसानच. २०१८ मध्ये बिन ची आणि मिन हान यांनी उलटंच दाखवलं. एन्टरोबॅक्टिन न बनवणाऱ्या ई. कोलायवर कृमींची वाढ मंदावते, आणि बाहेरून एन्टरोबॅक्टिन दिलं की सुधारते. हा रेणू कृमीच्या मायटोकॉन्ड्रियात एटीपी सिंथेजच्या अल्फा उपघटकाला चिकटतो आणि त्याच्यासोबत लोह आत पोचतं. याच्या नेमकं विरुद्ध टोक म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसाचं पायोव्हर्डिन: ते कृमीकडून लोह इतकं ओरबाडतं की कृमी मरतो. दोन्ही सिडेरोफोरच, म्हणजे बॅक्टेरियाचे लोह पकडणारे रेणू. त्यामुळे 'बॅक्टेरियाचा वाण बदलला, बाकी सगळं तेच' हे वाक्य या विषयात चालत नाही. जनुकं दाबण्याच्या प्रयोगात आपण बहुधा ओपी५० सोडून एचटी११५ वर जातो. एक ई. कोलाय बी गोत्रातला, दुसरा के-१२ मधला. नियंत्रण गटही त्याच वाणावर हवा, हे सांगायची गरज नसावी. पण ही चूक केलेली हस्तलिखितं मी परीक्षणात पाहिलीत म्हणून सांगतो.

आता तुमच्या दोन प्रयोगांकडे.

फेरिक क्लोराइडने फरक का पडला नाही? एक तर नेहमीच्या प्लेटवर कृमी उपाशी नव्हताच. भरल्या पोटी वाढलेल्या पानाचा परिणाम दिसत नाही. दुसरं, पीएच ६ च्या २५ मिलिमोलर फॉस्फेटमध्ये फेरिक लोह टाकलं की ते फेरिक फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. प्लेट किंचित पिवळसर-गढूळ दिसली असेल तर ते हेच. बाटलीवरच्या लेबलाइतकं लोह माध्यमात आहे, पण विरघळलेलं नाही. म्हणून या क्षेत्रात फेरिक अमोनियम सायट्रेट वापरतात. सायट्रेट लोहाला विद्राव्य ठेवतं. प्रकाशित कामांत त्याचं प्रमाण अनेकदा मिलिलिटरला ६.६ मिलिग्रॅम इतकं असतं. हा भरपूर मोठा डोस आहे, पोषण नव्हे तर लोहाचा भार टाकण्याचा. आणि याच्या मोलर आकड्यांवर विसंबू नका. या क्षाराची घडण ठरीव नाही. तपकिरी प्रकारात लोह साधारण १६.५ ते १८.५ टक्के असतं. त्या हिशेबाने ६.६ मिलिग्रॅममध्ये सुमारे १.१ ते १.२ मिलिग्रॅम लोह, म्हणजे १९.५ ते २२ मिलिमोलर. कुणी त्यालाच २५ मिलिमोलर लिहितं, ते क्षाराचं एक मानीव रेणुभार धरून. तुम्ही वजनात लिहा आणि बाटलीवरचा लोहाचा टक्का नोंदवा. द्रावण गाळून निर्जंतुक करा, आगार थंडावल्यावर घाला, आणि प्लेटा अंधारात ठेवा, कारण उजेडात फेरिक सायट्रेटमधलं लोह फेरस होतं. नियंत्रण प्लेट नुसत्या एनजीएमची नको. तेवढंच लोहविरहित अमोनियम सायट्रेट घातलेली हवी. अमोनियम हे बॅक्टेरियाला खाद्य आहे, त्याने लॉन दाट झाली तर दाट लॉनमुळे झालेला फरक लोहाच्या नावावर जातो.

बायपिरिडिलचं दुखणं तुम्ही स्वतःच ओळखलंत: लॉन विरळ झाली. २,२'-बायपिरिडिल पडद्यांतून सहज आरपार जातं, फेरस लोह धरतं, आणि ते कुणाचं आहे हे विचारत नाही. १०० मायक्रोमोलर हे कामात नेहमी दिसणारं प्रमाण. पण बघा काय होतं. बॅक्टेरियाला लोह कमी पडलं, म्हणजे तो कमी वाढला आणि कृमीला अन्न कमी. शिवाय लोहाविना बॅक्टेरियाचं हीमही घटू शकतं, म्हणजे कृमीला हीम कमी. आणि कृमीच्या स्वतःच्या आतड्यातलं लोहही धरलं गेलं. उपासमार, हीमचा तुटवडा, लोहाचा तुटवडा, तिन्हींचा निकाल एकच: बारीक, मंद वाढणारा कृमी. लांबी मोजून या तिघांत निवाडा होत नाही.

मी काय करतो ते सांगतो. बॅक्टेरिया वेगळ्या, भरपूर लोहाच्या माध्यमात वाढवायचा. धुऊन, पॅराफॉर्मल्डिहाइडने किंवा अतिनील किरणांनी मारून, पुन्हा नीट धुऊन, मोजून ठरावीक घनतेचा थर बायपिरिडिलच्या प्लेटवर द्यायचा. आता बॅक्टेरिया वाढतही नाही आणि आपलं पोट बदलतही नाही. अन्नाचं प्रमाण आणि त्यातलं हीम दोन्ही स्थिर. मग तीन जोडप्लेटा: एकीवर बायपिरिडिलसोबत फेरिक अमोनियम सायट्रेट परत दिलेलं, एकीवर बायपिरिडिलसोबत हेमिन, एकीवर नुसतं बायपिरिडिल. लोह परत दिल्यावर वाढ सुधारली तर औषधाचा इतर काही विषारी परिणाम नव्हता एवढं कळतं. हेमिनने सुधारली तर घाई करू नका. वर म्हटलं तसं जादा हीम हे लोहही पुरवतं. तेव्हा हेमिनच्या कमी आणि जास्त अशा दोन पातळ्या ठेवा आणि सोबत एचआरजी-१ चा चमकणारा कृमी आणि एफटीएन-१ चा चमकणारा कृमी, दोन्ही बघा. एफटीएन-१ विझलेला पण एचआरजी-१ ही विझलेलाच, म्हणजे लोह कमी, हीम पुरेसं. एचआरजी-१ झळकतोय तर हीम कमी. ही दोन दिव्यांची खूण लांबीच्या मोजमापापेक्षा शंभरपट बोलकी आहे.

हीमचाच तुटवडा हवा असेल तर कीलेटरच्या, म्हणजे बायपिरिडिलसारख्या धातू धरणाऱ्या रसायनांच्या वाटेला जायचंच कशाला? आरपी५२३ नावाचा ई. कोलायचा वाण आहे, तो स्वतः हीम बनवू शकत नाही आणि बाहेरून दिलेलं हीम आत घेतो. त्याला मोजून हेमिन द्यायचं, तेवढंच कृमीला मिळतं. हेमिनचं द्रावण ०.३ मोलर अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये करून पीएच ८ वर आणावं. साध्या पाण्यात ढवळत बसलात तर तळाला काळा गाळ आणि वर फिकट पाणी, आणि तुमचे २० मायक्रोमोलर प्रत्यक्षात किती हे देवालाच ठाऊक.

लोह प्रत्यक्ष मोजायचं तर एकूण लोहासाठी आयसीपी-एमएस, ही धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारी पद्धत. कृमी नीट धुवा, आणि धुऊन झाल्यावर आतड्यातले बॅक्टेरिया बाहेर पडायला बफरमध्ये अर्धा तास फिरवा, नाहीतर तुम्ही कृमीच्या पोटातलं जेवण मोजता. हे एकूण लोह आहे, वापरण्याजोगं नव्हे, हे लक्षात असू द्या. एफटीएन-२ नसलेल्या कृमीत एकूण लोह कमी भरतं, कारण साठवणच गेली. त्यावरून त्याला लोहाची ददात आहे असं ठरत नाही.

जास्त लोहाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वरचा मोठा डोस वापरणार असाल तर दोन शब्द. वय वाढतं तसं कृमीत लोह साचतं, आणि त्यातला फेरस भाग वाढतो. २०२० च्या एका कामात लोह धरणारं औषध दिल्यावर कृमी उतारवयात जास्त धडधाकट राहिले आणि जास्त जगले. लेखकांनी त्याचा संबंध फेरोप्टोसिस या पेशीमरणाच्या प्रकाराशी जोडला. त्याआधी २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने लोहाची पातळी वर-खाली करून ऑक्सिडीकरणाचा ताण सोसण्याची ताकद बदलते, आयुर्मान बदलत नाही, असं मांडलं होतं. माझा कल असा, की लोह उतारवयातल्या जर्जरतेला हातभार लावतं, पण म्हातारपणाचं घड्याळ तेच चालवतं असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. या वादात उतरायचं नसेल तर तुमची सगळी मोजमापं तरुण, पहिल्या दिवसाच्या प्रौढ कृमींवर करा.

शेवटी ॲनिमियाचं. माणसाचा लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया म्हणजे मुख्यतः लाल रक्तपेशींच्या हिमोग्लोबिनचा तुटवडा. कृमीला रक्तच नाही, आणि शरीरभर लोहाचा लगाम धरणारं हेप्सिडिनही नाही. आपल्याकडे लोह आटलं की हीम आटतं. इथे ती साखळी मुळातच तुटलेली आहे. तेव्हा प्रस्तावात 'ॲनिमियाचं मॉडेल' असं लिहू नका, परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील आणि बरोबर अडवतील.

पण हीच तुटलेली साखळी या कृमीची खरी किंमत आहे. स्वतः हीम बनवणाऱ्या प्राण्यात हीमची वाहतूक शोधणं जवळपास अशक्य, कारण घरचं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे कळत नाही. इथे सगळंच बाहेरचं. म्हणून एचआरजी-१ आधी कृमीत सापडला. मग झेब्राफिशमध्ये त्याचा जोडीदार दाबल्यावर माशांना तीव्र ॲनिमिया झाला. मग कळलं की सस्तन प्राण्यांच्या मॅक्रोफेज पेशी जुन्या लाल रक्तपेशी गिळून त्यांतलं हीम याच वाहकातून बाहेर काढतात. २०१९ मध्ये हा वाहक नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये साठलेल्या हीमचे स्फटिक सापडले, हिमोझोइनचे, जे तोवर मलेरियाच्या परजीवीसारख्या रक्तपिपासू जीवांचीच खासियत मानली जात होती. एक मिलिमीटरच्या कृमीचा प्रश्न उंदराच्या प्लीहेपर्यंत गेला.

दुसरी वाट परजीवी कृमींची. तिथेही हीम स्वतः बनवण्याची क्षमता नाही, त्यामुळे यजमानाचं किंवा सोबतच्या बॅक्टेरियाचं हीम हीच त्यांची नाडी. गॅलियम प्रोटोपॉर्फिरिन हा हीमसारखाच दिसणारा, पण मध्यभागी लोहाऐवजी गॅलियम असलेला रेणू सी. एलेगन्सला मारतो, कारण कृमी तो हीम समजून आत घेतो. तुमच्या प्रयोगशाळेत कीलेटर, हेमिन आणि दोन चमकणारे वाण जमवणार असाल, तर तोही थोडा मागवून ठेवा. हीमची भूक वाढलेले कृमी त्याला लवकर बळी पडतात आणि हेमिन सोबत दिलं तर तग धरतात. तुमच्या प्लेटवर हीमचा तुटवडा खरोखर आहे का, याची ती तिसरी, स्वतंत्र तपासणी होईल.